दिवाळीला घरी जाऊ की अभ्यासिकेतच राहू?

पत्रलेखक २९ वर्षांचा, मराठवाड्यातल्या एका खेड्यातला. बी.एस्सी. अ‍ॅग्री झाल्यावर २०२० च्या सुरुवातीला स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आला. नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचं भाडं देऊन राहतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेची पूर्व परीक्षा दोनदा निघाली, मुख्य परीक्षेत दोन्ही वेळा अडकला. गट-ब ची एक यादी थोडक्या गुणांनी हुकली. वडील, म्हणजे अण्णा, दर महिन्याला नऊ हजार रुपये पाठवतात. घरी चार एकर कोरडवाहू. यंदा, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरच्या पावसात अर्ध्याहून जास्त सोयाबीन पाण्याखाली गेलं. त्याच पुरामुळे २८ सप्टेंबरची पूर्व परीक्षा ९ नोव्हेंबरवर गेली आणि मधे दिवाळी आली. गेल्या दिवाळीत पाहुण्यांनी 'यंदा तरी होईल ना?' असं विचारलं. भाऊबीजेला बहिणीच्या ताटात टाकायची पाचशेची नोट अण्णांनी दाराआड त्याच्या हातात दिली. शेजारच्या गावचा रूममेट पीएसआय झाला होता, त्याचा फ्लेक्स फाट्यावर लागला होता. पत्रलेखक विचारतो: यंदा घरी जावं की 'अभ्यास आहे' म्हणून पुण्यातच थांबावं? आणि हे सगळं सोडायचं की पुढे चालू ठेवायचं, हे त्याला दिवाळीच्या आत ठरवायचं आहे. ते कसं ठरवू?

प्रिय मित्रा,

तुझ्या दोन्ही प्रश्नांकडे येते. त्याआधी पत्राच्या शेवटी तू एक वाक्य लिहिलं आहेस, ते घेते. 'कधी कधी वाटतं, आपण नसतो तर निदान अण्णांचे पैसे तरी वाचले असते.' एवढं लिहून तू लगेच गाडीच्या तिकिटाकडे वळलास. मला तसं वळता येत नाही.

हे तू थकून लिहिलंस की मरून जावं असे विचार खरोखर मनात येतात, हे कागदावरून कळत नाही, म्हणून सरळ विचारते. असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट अडलेलं बोलायला सोपं जातं. तसे विचार येत असतील तर परीक्षा, दिवाळी सगळं बाजूला ठेव आणि आजच कोणाला तरी सांग. खोलीवरच्या ज्या मुलावर तुझा भरवसा आहे त्याला सांग. १४४१६ हा टेली मानस या सरकारी सेवेचा नंबर आहे. २०२२ पासून ती चालू आहे, फोन मोफत आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. काही करून घ्यावं इथवर मन गेलं असेल तर एकटा राहू नकोस. ११२ ला फोन कर किंवा कोणाला तरी सोबत घेऊन थेट रुग्णालयात जा. दिवाळीत खोली रिकामी होणार आहे, म्हणून हे आत्ताच सांगते आहे.

आणि तसं नसेल, नुसता शीण असेल, तरी रोज पहाटे तीनला झोप मोडते आणि मग लागत नाही, जेवण जात नाही, एकच पान चारदा वाचावं लागतं, असं तूच लिहिलं आहेस. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर त्याला आळस म्हणायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. केस पेपर काढून तिथे जाता येतं, फार खर्च येत नाही. ताप आला तर तू पेपरच्या आधी गोळी घेतोसच ना? झोपेचंही तसंच बघ.

अण्णांच्या पैशांबद्दल. महिन्याला नऊ हजार म्हणजे वर्षाला एक लाख आठ हजार. लॉकडाऊनमधले तुझे घरचे महिने वगळले तरी एकूण रक्कम पाच लाखांच्या आसपास जाते. चार एकरवाल्या माणसाला ही रक्कम फार मोठी आहे, 'पैशाचं काय एवढं' असं मी तुला म्हणणार नाही. पण हे रुपयांतलं देणं आहे. ते मोजता येतं, वर्षं लावून फेडताही येतं. तुझ्या असण्या-नसण्याची बेरीज त्याच्याशी कशी काय लागली? अण्णांनी हे पैसे तू आहेस म्हणून पाठवले. तू नसताना वाचलेल्या पैशांचं त्यांनी काय करायचं होतं?

आता दिवाळी.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू धरूनच चालला आहेस: घरी जायचं तर हातात पद घेऊन जायचं. ही अट कोणी घातली? मी पत्र दोनदा वाचलं. अण्णांनी घातल्याचा त्यात कुठेही उल्लेख नाही. आई फोनवर 'कधी निघतोस' एवढंच विचारते, असं तू लिहिलंस. बहिणीने 'दादा, यंदा दोन दिवस आधी ये' असा मेसेज केला आहे. विचारणारे आहेत ते मामा, चुलते, पारावरची माणसं. म्हणजे तासाभरासाठी येणाऱ्या माणसांच्या एका प्रश्नाला घाबरून तू वर्षभर वाट बघणाऱ्या तिघांना टाळतो आहेस. भाऊ नसलेल्या बहिणी भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. भाऊ पुण्यात धडधाकट बसलेला असताना तुझ्या बहिणीने ती वेळ का आणावी?

ओवाळणीची लाज मला समजते. दाराआड बापाच्या हातून नोट घेणं २८-२९ व्या वर्षी जिवावर येतं. मग यंदा ती घेऊ नकोस. 'अण्णा, राहू द्या,' म्हण. बहिणीला आदल्या दिवशी, फराळाचं करताना किंवा दुपारी दोघंच असताना सांग की यंदा माझ्याकडे फार नाही, एकवीस रुपये टाकणार आहे, पण ते माझे आहेत. ती काय म्हणेल हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला वाटतं, तिला ती पाचशेची नोट कोणाची होती हे गेल्या वर्षीही कळलं होतं.

दुसरी गोष्ट तू धरली आहेस ती अशी की पुण्यात थांबलं की अभ्यास होईल. खरंच होईल? पेठांमध्ये दिवाळीत काय होतं हे तू पाच वर्षं पाहिलं आहेस. मेसच्या मावशी गावी जातात. खोलीवरची पोरं बॅगा भरतात. अभ्यासिकेत चार-पाच खुर्च्या भरलेल्या असतात, आणि तिथे बसलेल्यांच्या हातात बहुतेक वेळ मोबाइल असतो, त्यात घरचे फराळाचे फोटो. वडापाव आणि चहावर दिवस निघतो. गेल्या वर्षी थांबलेल्या एखाद्याला विचार की त्या आठवड्यात पुस्तक किती वेळ उघडं होतं आणि वाचलेलं किती राहिलं. तुझी झोप आधीच मोडलेली आहे. रिकाम्या खोलीत ती सुधारणार नाही.

पेपर ९ तारखेला आहे, ही अडचण मात्र खरी आहे, ती उडवून लावण्यात अर्थ नाही. म्हणून मी तुला आठ-दहा दिवस जा असं सांगत नाही. १८ ऑक्टोबरला रात्री वाकडेवाडीच्या एसटी स्थानकावरून गाडी पकड. १९ ला सकाळी घरी पोचशील. नरक चतुर्दशी २० ला, लक्ष्मीपूजन २१ ला, पाडवा २२ ला, भाऊबीज २३ ला. २३ ला ओवाळून झालं की रात्रीची गाडी. २४ ला तू परत टेबलावर, आणि पेपरला पूर्ण सोळा दिवस हातात. परतीचं तिकीट आत्ताच काढ, म्हणजे घरी 'अजून दोन दिवस राहा'चा आग्रह होणार नाही आणि तुझ्याही मनाची ओढाताण होणार नाही. सोबत पुस्तकांची थप्पी नेऊ नकोस. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि स्वतःच्या हाताच्या नोट्स पुरे. पहाटे तू जागा असतोसच, तर पाच ते आठ हे तीन तास अभ्यासाला दे. त्यात रोज सीसॅटचा, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या कल चाचणीचा, एक पेपर वेळ लावून सोडव. तो आता फक्त ३३ टक्के मिळवून पात्र होण्यापुरता आहे म्हणून मुलं त्याच्याकडे बघत नाहीत, आणि जीएस, म्हणजे सामान्य अध्ययन, चांगलं जाऊनही नेमकी तिथे अडतात. आठनंतर पुस्तक मिटायचं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तर उघडायचंही नाही.

पाहुण्यांच्या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर ठेव आणि प्रत्येकाला तेच दे: 'मामा, ९ तारखेला पेपर आहे, झाला की कळवतो. तुमच्याकडं पाण्यानं किती नुकसान झालं?' यंदा मराठवाड्यात हा दुसरा प्रश्न नुसता विषय बदलण्यासाठी विचारावा लागणार नाही. प्रत्येक घराकडे सांगण्यासारखं आहे. फ्लेक्स दिसेल तेव्हा वाईट वाटेल, ते वाटू दे. जमलं तर त्या मित्राला फोन करून दिवाळीच्या शुभेच्छा दे. तोही याच मेसमध्ये जेवलेला आहे. तुझ्या पाच वर्षांत काय काय होतं हे गावात सगळ्यात नेमकं त्यालाच माहीत असेल.

घरी गेल्यावर अण्णांसोबत शेतात जा, हे मी आग्रहाने सांगते. पाच वर्षांत तू स्वतःकडे फक्त उमेदवार म्हणून बघायला शिकला आहेस. तू शेतीचा पदवीधर आहेस आणि घरात या घडीला नेमकी त्याची गरज आहे. मदतीच्या यादीत अण्णांचं नाव आहे का, त्यांचं ई-केवायसी झालं आहे का, फार्मर आयडी निघाला आहे का, हे मोबाइलवर तासाभरात तू पाहून देऊ शकतोस. या गोष्टींसाठी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना चार हेलपाटे पडतात. उरलेलं सोयाबीन ओलं असताना आडतीवर गेलं तर मातीमोल होईल. यंदाचा, म्हणजे २०२५-२६ चा, हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांपर्यंतच चालतो, म्हणजे वाळवण नीट झालं पाहिजे आणि नोंदणी वेळेत. घरचं बियाणं ठेवायचं असेल तर भिजलेल्या मालावर भरवसा ठेवता येत नाही. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण किती होते ते पाहा. सत्तरच्या खाली आली तर ते बियाणं म्हणून ठेवू नका. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस आलेच आहेत, मर रोगासाठी ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया तू स्वतः कर. हे तुला येतं. अण्णांना ते पैशांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि शेतात अण्णा घरातल्यापेक्षा मोकळे बोलतील. ते बोलणं तुला लागणार आहे, कारण तुझा दुसरा प्रश्न त्यांना न विचारता सुटत नाही.

तो दुसरा प्रश्न, सोडायचं की चालू ठेवायचं, दिवाळीच्या आत ठरवू नकोस. पेपर तीन आठवड्यांवर असताना, झोप नसताना, पाहुण्यांच्या गराड्यात घेतलेला निर्णय एक तर रागाचा असेल नाहीतर लाजेचा. 'सोडलं एकदाचं' हेही त्यात येतं आणि 'दाखवूनच देतो' हेही. दोन्हींवर सहा महिन्यांनी पस्तावायची वेळ येते. पूर्व परीक्षा दे. नंतर आयोगाची उत्तरतालिका येईल, तिच्यावरून आपले गुण काढ. मग ३० नोव्हेंबर ही तारीख धर. त्या दिवशी निर्णय.

त्या निर्णयात कशाला किती वजन द्यायचं, त्याबद्दल मला जे वाटतं ते स्पष्ट लिहिते.

'पाच वर्षं दिली, आता सोडलं तर सगळं वाया' हे वाक्य तुझ्या पत्रात तीन वेळा आलं आहे. ती पाच वर्षं तू सोडलंस तरी गेलेली आहेत आणि चालू ठेवलंस तरी गेलेलीच आहेत. तुझ्या हातात येणारं वर्ष आहे. त्यामुळे स्वतःला असं विचार: आज मी २९ चा आहे, मागचं काही नाही, आणि समोर ही परीक्षा आहे. तिच्यात काही शे जागा आहेत, अर्ज लाखांत आहेत. तर मी आज नव्याने पुण्याला येईन का? उत्तर 'हो' असेल तर ते खरं 'हो' आहे.

त्या पाच वर्षांतला सगळा दोषही तू स्वतःच्या नावावर लावू नकोस. तू आलास त्याच वर्षी एप्रिल २०२० ची पूर्व परीक्षा पुढे जात जात २१ मार्च २०२१ ला झाली, आणि त्याच्या दहा दिवस आधी पुन्हा तारीख पुढे ढकलल्यावर पेठांतली पोरं रस्त्यावर बसली होती. २५ ऑगस्ट २०२४ चा पेपर १ डिसेंबरला गेला. कृषी सेवेच्या २५८ जागा त्यात घ्या, ही त्या आंदोलनातली एक मागणी होती. तू अ‍ॅग्रीचा, म्हणजे ती तुझीच मागणी. यंदा पूर आला. हे महिने तू आळशीपणात घालवलेले नाहीस. मात्र ते गेले, आणि पुढेही असे जाणार नाहीत याची हमी कोणी देत नाही. वर्ष मोजताना ते धरूनच मोज.

आता वय. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी ३८ वर्षांची मर्यादा आहे, मागास प्रवर्गांसाठी ४३. केंद्राच्या (यूपीएससीच्या) परीक्षेत खुल्या गटाला ३२ व्या वर्षी आणि सहा प्रयत्नांनंतर दार बंद होतं, मुलगा रडतो आणि पुढच्या कामाला लागतो. इथे तसं कोणी थांबवत नाही. आयोगाने २०२० च्या अखेरीस प्रयत्नांवर मर्यादा आणली होती, ती पुढे मागे घेतली गेली. उशिरा सुरुवात करणाऱ्या, लग्न-बाळंतपणानंतर परतणाऱ्या बायकांसाठी ही मोठी सवलत आहे, आणि ती असावी. पण तुझ्यासारख्याचं त्यात एक नुकसान होतं. 'अजून नऊ वर्षं आहेत' असं मनाला वाटत राहतं आणि त्याच काळात बाकीची दारं गुपचूप लागतात. पीएसआयला खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३१ आहे. बँकांमधल्या कृषी अधिकारी पदासाठी, जिथे तुझी चार वर्षांची पदवीच पात्रता आहे, ती ३० आहे. प्रवर्गानुसार सवलत आहे, तुझा प्रवर्ग तू लिहिलेला नाहीस. पण खुल्यातला असशील तर तुझ्याकडे फार तर एखादी जाहिरात उरली. तू ३८ च्या दाराकडे बघत बसला आहेस, आणि ३० चं दार तुझ्या पत्रात कुठेच नाही.

आणि मुख्य परीक्षा. तुझ्या आजवरच्या दोन्ही मुख्य परीक्षा बहुतांशी पर्याय निवडायच्या होत्या. २०२५ पासून ती वर्णनात्मक आहे: नऊ पेपर, निबंध, वैकल्पिक विषय, १७५० गुण, वर मुलाखत २७५ गुणांची. म्हणजे 'दोनदा मुख्यपर्यंत गेलो, थोडक्यात राहिलं' हा आधार नव्या परीक्षेत फारसा चालत नाही. तुला मी एवढंच विचारते: गेल्या सहा महिन्यांत तू तीन तास बसून किती पूर्ण उत्तरपत्रिका हाताने लिहिल्यास आणि कोणाकडून तपासून घेतल्यास? पत्रात तू अभ्यासिकेचे तास लिहिले आहेस, नोट्स लिहिल्या आहेस, उत्तरलेखनाचा उल्लेख नाही. वैकल्पिक विषय कृषी घ्यायचा की दुसरा, हेही नाही. लिहिलं असशील आणि गुण बरे येत असतील, तर तू या बदललेल्या परीक्षेचा खरा उमेदवार आहेस आणि अजून एक वर्ष देण्यात अर्थ आहे. नसशील, तर तू परीक्षेपेक्षा अभ्यासिकेच्या सवयीला धरून आहेस असं मला वाटतं. सकाळी सातला जाऊन बसलं की दिवस निघतो, कोणी काही विचारत नाही. त्या सवयीत सुरक्षित वाटतं. मुलं तिथे वर्षानुवर्षं राहतात ती बऱ्याचदा यामुळे.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. उत्तरतालिकेवरून गुण मागच्या कटऑफच्या बरेच वर असतील, तर मुख्य परीक्षेपर्यंत पूर्णवेळ दे, पण अण्णांशी रक्कम आणि महिने ठरवून, आणि तो शेवटचा पूर्णवेळ प्रयत्न म्हणून. गुण काठावर किंवा खाली असतील, तर डिसेंबरपासून काम धर. परीक्षा सोडलीच पाहिजे असं नाही. गट-ब आणि गट-क च्या संयुक्त परीक्षा, बँकांच्या परीक्षा काम करत देता येतात, अनेक जण देतात. ज्या गोष्टीने तुला आत्ता सर्वात जास्त पोखरलं आहे ते नापास होणं नाही, दर महिन्याला नऊ हजारांसाठी अण्णांना फोन लावणं आहे. तो फोन थांबला की झोप बऱ्यापैकी परत येईल, आणि तुझा अभ्यासही कदाचित सुधारेल.

काम म्हणजे काय, हे तुला अंधुक दिसतं, कारण पेठेत सगळे एकाच रांगेत उभे आहेत. खत-बियाणं-औषध कंपन्यांना फिरतीवरचे अ‍ॅग्री पदवीधर लागतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांना हिशोब आणि पीक दोन्ही समजणारा माणूस मिळत नाही. पीक विमा कंपन्या हंगामात माणसं घेतात. सुरुवातीचा पगार फार नसतो, फिरती असते, ऊन असतं. कृषी चिकित्सालयाची केंद्राची योजना २००२ पासून आहे. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेमार्फत शेती पदवीधरांना मोफत निवासी प्रशिक्षण मिळतं आणि पुढे कर्जाला नाबार्डतर्फे अनुदान: सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. तुझ्या पदवीवर कृषी सेवा केंद्राचा परवानाही निघतो. हे सगळं तुला करायचंच आहे असं नाही. नुसतं एवढं कर: दिवाळीत गावाकडे असताना या वाटांवर असलेल्या दोघांना भेट. तुझ्या कॉलेजच्या बॅचमधले कोण काय करतात हे तुला खरं माहीत आहे का? ग्रुपवर फक्त निवड झालेल्यांचे फोटो येतात.

मुलाखतीत 'पाच वर्षं काय केलं' असं विचारतील. लपवू नकोस, लाजू नकोस. 'स्पर्धा परीक्षा देत होतो, राज्यसेवेची पूर्व दोनदा उत्तीर्ण झालो, आता काम करायचं ठरवलं आहे.' तीन वाक्यं. महाराष्ट्रात समोर बसलेल्या माणसाच्या घरातही असा एक मुलगा बहुतेक असतोच. 'अभ्यास कधी वाया जात नाही' असं तुला सगळे सांगतात, त्यात थोडंच खरं आहे. घटना आणि अर्थशास्त्र पाठ असल्याचे पगारात पैसे मिळत नाहीत. रोज दहा तास बसायची शिस्त, अर्ज-कागदपत्रं-शासन निर्णय वाचायची सवय, याचे मात्र मिळतात, थोडे उशिरा.

आणि सोडलंस तर त्रास होईल. काही महिने होईल. जाहिरात आली की हात अर्जाकडे जाईल, निकालाच्या दिवशी जेवण जाणार नाही. तू पाच वर्षं एका गोष्टीवर जीव लावला होतास, तेव्हा तिच्यासाठी वाईट वाटणं स्वाभाविक आहे, आणि ते निर्णय चुकल्याचं लक्षण समजू नकोस. त्या काळात एकटा राहू नकोस, एवढंच.

अण्णांशी काय बोलायचं, तेही सांगते, कारण तिथे तू सर्वात जास्त अडला आहेस. 'अण्णांचं स्वप्न आहे' असं तू लिहिलंस. त्यांना कधी विचारलंस का? विचारताना 'मी सोडू का?' असं विचारू नकोस. बाप त्याला 'नको रे, कर अजून' असंच म्हणेल, कारण तुझं मन मोडायची त्यालाही भीती आहे. असं विचार: 'अण्णा, या वर्षी सोयाबीन गेलं. आपल्याला खरंच किती महिने झेपेल?' आणि मग गप्प राहून ऐक. कदाचित ते कर्ज काढायचं म्हणतील. त्याला तू स्पष्ट नाही म्हण. कदाचित 'मला तू साहेब नाही झालास तरी चालंल' असंही म्हणतील, आणि तू इतकी वर्षं ज्याला घाबरलास ते वाक्य त्यांच्या मनात कधीपासून असेल.

हे सदर वाचणाऱ्या आई-वडिलांनाही माझी विनंती आहे, कारण अशी पत्रं दर दिवाळीच्या तोंडावर येतात आणि त्यातल्या बहुतेक मुलांना घरच्या पैशांची खरी स्थिती ठाऊक नसते. तुम्ही त्यांना ती सांगत नाही, काळजी नको म्हणून. मुलगा किंवा मुलगी घरी आली की एकदा शांतपणे वही काढा: यंदा काय पिकलं, काय गेलं, बँकेचं किती आहे, किती महिने पाठवता येईल. मुलगी असेल तर या बोलण्यात लग्नाचं आणू नका. 'यंदा नाही झालं तर स्थळं बघू' असं म्हटलं की तिला परीक्षा आणि लग्न यांतलं एकच काहीतरी निवडायला लावल्यासारखं होतं. पाहुणे 'काय झालं रिझल्टचं?' म्हणाले तर तिच्या आधी तुम्ही उत्तर द्या. आणि ज्याचं पोर यंदा 'अभ्यास आहे' म्हणून येणार नाही असं म्हणतंय, त्याने फोनवर कारण विचारत बसू नये. शक्य असेल तर डबा घेऊन एक दिवस पुण्याला जावं, त्याची खोली पाहावी, त्याला झोप येते का एवढं विचारावं आणि चार घास सोबत खाऊन यावं.